अर्ध्या आयुष्याचा जमाखर्च : कविवर बनारसीदास

मराठीत ‘वाणी’ या एकाच शब्दाने सरस्वतीचाही बोध होतो आणि व्यापाऱ्याचाही. हे दोन्ही अर्थ एकाच देहात नांदले, परंतु आयुष्याची बरीच वर्षे एकमेकांशी भांडत राहिले, असे एक विलक्षण व्यक्तिमत्त्व जैन साहित्याच्या इतिहासात होऊन गेले. सुमारे चारशे वर्षांपूर्वी जौनपूर व आग्रा या नगरांत वावरलेले कविवर बनारसीदास हेच ते होत. कल्याणमंदिर स्तोत्राचा हिंदी पद्यानुवाद आजही अनेक जिनमंदिरांतून भक्तिभावाने म्हटला जातो. ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ स्वाध्यायात वाचला जातो. मात्र या रचना करणाऱ्या कवीने पोटासाठी कापड विकले, मोत्यांचा व्यापार केला, अनेकदा भांडवल गमावले आणि कित्येक महिने उधारीच्या कचोऱ्यांवर काढले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्ञानी पुरुषाचे चरित्र बहुधा त्याच्या सिद्धीपासून सांगितले जाते. बनारसीदासांचे चरित्र मात्र त्यांच्या अपयशांसह सांगावे लागते, कारण ते तसे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

घराणे आणि बालपण

बनारसीदासांचे घराणे श्रीमाळ ज्ञातीचे, बिहोलिया गोत्राचे. रोहतकजवळील बिहोली हे त्यांचे मूळ गाव. आजोबा मूलदास हे नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. विक्रम संवत १६१३ मध्ये मूलदासांचे निधन होताच सरदाराने त्यांची सारी मालमत्ता जप्त केली. विधवा पत्नी आणि लहानगा खरगसेन यांनी जौनपूरला जाऊन आजोळचा आश्रय घेतला. आजोळ जवाहिऱ्यांचे असल्यामुळे खरगसेन रत्नपारखी झाले. काही काळ बंगालमध्ये वसुलीचे काम करून, पुढे आग्र्यात व्यापाराचा अनुभव घेऊन ते अखेर जौनपुरात जवाहिऱ्यांच्या व्यवसायात स्थिरावले. राज्यकर्त्यांच्या मर्जीवर व्यापाऱ्यांचे सुखदुःख कसे अवलंबून असे, याचा धडा या घराण्याने पहिल्याच पिढीत गिरवला होता.

संवत १६४३ च्या माघ शुद्ध एकादशीस, म्हणजे इ.स. १५८६-८७ च्या सुमारास, खरगसेनांना पुत्र झाला. त्याचे नाव विक्रमाजित ठेवण्यात आले. आधीचा मुलगा जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावला होता. त्यामुळे हे मूल सहा-सात महिन्यांचे होताच मातापित्यांनी त्याला काशीच्या पार्श्वनाथ मंदिरात नेऊन भगवंतांच्या चरणी घातले. तेथील पुजाऱ्याने आपणास यक्षाचा दृष्टांत झाल्याचे सांगितले आणि पार्श्वप्रभूंच्या जन्मनगरीचे नाव ठेवल्यास बालक दीर्घायुषी होईल, अशी ग्वाही दिली. तेव्हापासून विक्रमाजिताचा बनारसी झाला. गंमत अशी की, मोठेपणी याच बनारसीदासांनी या पुजाऱ्याच्या चमत्काराची कथा लिहिताना आपल्या लेखणीतील मिस्कील छटा लपवली नाही.

आठव्या वर्षी शाळा, नवव्या वर्षी वाङ्‌निश्चय आणि अकराव्या वर्षी खैराबादच्या मुलीशी विवाह, असा त्या काळाच्या रीतीप्रमाणे क्रम झाला. विवाहानंतर वर्षभरातच, १५९८ साली, जौनपूरवर संकट कोसळले. नवाब किलिच खानाने मनाजोगी मौल्यवान वस्तू न मिळाल्यामुळे नगरातील जवाहिऱ्यांना कैद करून चाबकाने फोडून काढले. सुटका होताच जवाहिरे कुटुंबकबिल्यासह वाट फुटेल तिकडे पळाले. खरगसेनांच्या कुटुंबाला शहजादपूर येथे करमचंद नावाच्या सज्जन वाण्याने आपले घर राहावयास दिले. या परागंदा अवस्थेत छोट्या बनारसीने कवड्यांची खरेदी-विक्री करून चार पैसे मिळविले. पहिली कमाई म्हणून आजीने कौतुकाने मिठाई वाटली. व्यापारातील ही पहिली मिळकत पुष्कळ वर्षे शेवटचीच ठरावी, असा पुढील इतिहास आहे.

पहिला ग्रंथ आणि गोमतीचा प्रवाह

जौनपुरात परतल्यावर चौदाव्या वर्षी बनारसीने पंडित देवदत्त यांच्याकडे नाममाला, ज्योतिष, अलंकार असे विषय अभ्यासले. पुढे खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र यांच्याकडे व्याकरण, छंदशास्त्र आणि धर्मसूत्रे शिकण्याचा योग आला. विद्येची गोडी लागली, परंतु त्याचबरोबर प्रेमाचे वेडही लागले. प्रेयसीला नजराणे देण्यासाठी या तरुणाने वडिलांच्या पेटीतील माणके चोरली. एकीकडे मुनींच्या चरणी अध्ययन आणि दुसरीकडे हा उनाडपणा, अशा द्विधा अवस्थेत त्याने हजार दोहे-चौपायांचा एक ग्रंथ रचला. नाव नवरस असले तरी त्यात भर शृंगारावरच होता.

घरातील वडीलधाऱ्यांना या काव्याचे कौतुक वाटणे शक्यच नव्हते. अती शिक्षण हे ब्राह्मणाचे व भाटाचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानात बसावे, जो फार शिकतो त्याच्या वाट्याला भीक येते, असा उपदेश त्याला वारंवार ऐकावा लागे. हा उपदेश कठोर असला तरी द्वेषातून आलेला नव्हता. एका रात्रीत सर्वस्व गमावण्याचा अनुभव घेतलेल्या घराण्याला मुलाच्या पोटापाण्याची चिंता वाटत होती. लिहिणाऱ्या माणसाच्या घरी असा संवाद आजही होत असतो, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असते. म्हणूनच तो सहजी मिटत नाही.

याच काळात खैराबादला सासुरवाडीस गेले असता बनारसीदासांना भयंकर त्वचारोग जडला. कोणी जवळ येईना. पत्नी आणि सासू यांनी किळस न मानता शुश्रूषा केली आणि एका नाभिकाच्या औषधोपचाराने ते बरे झाले. तरीही वृत्ती पालटली नाही. एका संन्याशाने दिलेल्या मंत्राचा वर्षभर जप केल्यास रोज एक सुवर्णनाणे दाराशी सापडेल, या आशेने त्यांनी तोही उद्योग निष्ठेने केला. वर्ष संपले आणि दाराशी काहीच सापडले नाही.

१६०५ च्या ऑक्टोबरमध्ये बादशहा अकबराचे निधन झाले. ती वार्ता जौनपुरात पोहोचली तेव्हा बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताच मूर्च्छा येऊन ते खाली कोसळले आणि डोके फुटले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. नगरात एकच कल्लोळ माजला. दुकाने बंद झाली, लोकांनी दागदागिने जमिनीत पुरले आणि धनिकांनी ओळखू येऊ नये म्हणून जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढविली. जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र सुमारे दहा दिवसांनी आले, तेव्हा कोठे जनजीवन पूर्वपदावर आले.

या आजारपणातून उठलेल्या बनारसीदासांच्या मनात विचारांची चक्रे फिरू लागली. संवत १६६२ मध्येच एके दिवशी मित्रांसमवेत ते गोमती नदीच्या पुलावर बसले असता त्यांनी आपली काव्याची पोथी उघडली. थोडे वाचन झाले आणि त्यांना वाटले की, एका असत्याचे फळ जर एवढे वाईट, तर केवळ कल्पनेने रचलेल्या या हजार पद्यांचे फळ काय मिळेल? पुढच्याच क्षणी पोथी नदीत भिरकावली गेली. सुटी पाने प्रवाहावर पसरली. मित्रांनी हाय हाय केले, परंतु गोमतीच्या पाण्यातून ती वेचून काढणे कोणालाच शक्य नव्हते.

वडिलांना आनंद झाला, गावाने समाधान मानले. बनारसीदास नित्य मंदिरात जाऊ लागले, व्रतनियम पाळू लागले. एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने पाच वर्षांची साहित्यसंपदा बुडविणाऱ्या कवीला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी लागते. त्यांनी लेखन नष्ट केले, लेखणी मात्र टाकली नाही, हे महत्त्वाचे.

आग्र्याचा व्यापार

संवत १६६७, म्हणजे इ.स. १६१० मध्ये, खरगसेनांनी घरातील जिन्नस एकत्र करून मुलाच्या हाती सोपविले. अंगठ्या, माणके, नीलम, पाचू यांच्या पुरचुंड्या, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड असा तो माल होता. यादी लिहून दिली, मुलाला संसार सांभाळण्याची समज दिली आणि आग्र्यास रवाना केले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पावसाने गाठले. रात्री कोणी थारा देईना. चिखल तुडवीत भटकल्यावर एका झोपडीत खाटेवर दुसरा मनुष्य झोपला असता तिच्याखाली अंग टेकण्याची वेळ आली.

आग्र्याची बाजारपेठ ही त्या काळी देशातील अग्रगण्य बाजारपेठ होती आणि नवख्याला ती दयामाया दाखवीत नसे. कापडात खोट आली. तूप-तेलाचा नफा नावापुरताच राहिला. कमरेच्या नाडीत बांधलेली काही रत्ने कोठे गळून पडली ते कळलेच नाही. एक पुरचुंडी उंदरांनी पळविली. एका गिऱ्हाइकाने जिन्नस घेतला आणि पैसे देण्याआधीच त्याचे दिवाळे वाजले. त्यातच ज्वराने अंथरुण धरावे लागले. ही बातमी जौनपुरास पोहोचली तेव्हा खरगसेनांनी कपाळावर हात मारून घेतला. वडिलांचे भाकीत खरे ठरले होते.

हाती काही उरले नाही तेव्हा घरातील एकेक वस्तू विकून दिवस ढकलणे सुरू झाले. बाजारात जाण्याची लाज वाटू लागली. अशा वेळी त्यांना आधार दिला तो साहित्याने. सायंकाळी ते आपल्या बिऱ्हाडी मधुमालती आणि मृगावती या प्रेमाख्यानांचे वाचन करू लागले. दहा-वीस श्रोते नित्य येऊन बसत. दिवसा ज्याला बाजारात कोणी विचारत नसे, त्याच्या मुखातील शब्द ऐकण्यासाठी रात्री माणसे वाट पाहत. श्रोत्यांमध्ये एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेत. काही काळाने त्यांनी संकोच सोडून आपली खरी स्थिती त्याला एकांतात सांगितली आणि पुढे उधार न देण्याची विनंती केली. त्या भल्या माणसाने उलट वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, असे सांगून त्यांना आश्वस्त केले आणि ही गोष्ट कोठे उघड केली नाही. सहा-सात महिने हा क्रम चालला.

त्या कचोरीवाल्याचे नाव इतिहासाने नोंदविले नाही. कोणत्याही ग्रंथाच्या प्रशस्तीत दात्यांची नामावली असते, तीत त्याला स्थान नाही. तथापि हिंदी साहित्याला आणि जैन वाङ्मयाला बनारसीदास लाभले, त्यात या अनामिकाचा वाटा थोर आहे. पुढे सासरचे नातलग ताराचंद यांनी त्यांना आग्रहाने आपल्या घरी नेले. धरमदास नावाच्या व्यापाऱ्याबरोबर पाचशे रुपयांच्या भांडवलावर भागीदारी झाली. पैसा हाती येताच कचोरीवाल्याचा हिशेब करण्यात आला. तो चौदा रुपयांचा भरला आणि पूर्णपणे फेडण्यात आला. दोन वर्षांनी भागीदारी मोडली तेव्हा जमा व खर्च सारखेच निघाले. कमाई जेवढी झाली तेवढी पोटात गेली होती.

रिकाम्या हाताने ते खैराबादला गेले. पत्नीने विचारपूस केली आणि पतीची स्थिती जाणून, जपून ठेवलेले आपले वीस रुपये काढून दिले. एवढेच करून ती थांबली नाही, तर आईला विश्वासात घेऊन तिच्याकडून गुपचूप दोनशे रुपये मिळवून दिले. या भांडवलावर पुन्हा कापड आणि मोती यांची खरेदी झाली. कापड घेऊन आग्रा गाठले तर तेथे भाव उतरलेले. कापड पुन्हा तोट्यात गेले, मोत्यांनी थोडा हात दिला. याच धडपडीच्या काळात, संवत १६७० मध्ये, बनारसीदासांनी ‘नाममाला’ हा शब्दकोश दोह्यांमध्ये सिद्ध केला. दिवसा ताग्यांचा हिशेब आणि सवड मिळताच शब्दांचा संग्रह, अशी ही दुहेरी वही होती.

मैत्री, प्रवास आणि वियोग

आग्र्यात नरोत्तमदास हा जिवाभावाचा मित्र मिळाला. त्याच्याबरोबर पूर्वेकडे व्यापारासाठी जाताना एकदा चांदण्यालाच पहाट समजून मंडळी मध्यरात्री निघाली आणि वाट चुकली. हमाल ओझे टाकून पळाला. सामान वाटून घेऊन चालताना ते थेट चोरांच्या वस्तीत पोहोचले. प्रसंग ओळखून बनारसीदासांनी संस्कृत श्लोक म्हणून म्होरक्याला आशीर्वाद दिला. ब्राह्मण समजून त्याने आसरा दिला. रात्री मंडळींनी सूत काढून जानवी वळली, मातीचे टिळे लावले आणि सकाळी त्या म्होरक्यानेच त्यांना फतेपूरच्या वाटेला लावून दिले. घरच्यांनी ज्या विद्येला भिकेचे लक्षण मानले होते, तिनेच त्या रात्री तिघांचे प्राण आणि माल वाचविला.

जौनपूरच्या ज्या किलिच खानाने जवाहिऱ्यांना छळले, त्याचाच पुत्र चिनी किलिच खान हा पुढे बनारसीदासांचा स्नेही झाला आणि त्याने त्यांच्याकडे नाममाला व छंदशास्त्र यांचे अध्ययन केले. १६१६ च्या सुमारास वडील खरगसेन निवर्तले. त्याच सुमारास आग्र्यात गाठीच्या रोगाची, म्हणजे प्लेगची, साथ पसरली. उंदीर मरून पडत आणि लोक गाव सोडून पळत. बनारसीदासांनीही काही काळ शेजारच्या खेड्यात आश्रय घेतला. पुढे नरोत्तमदासही अकाली गेला. भागीदारीचा हिशेब मिटविण्यासाठी धनाढ्य सावकार सबलसिंह यांच्या वाड्यावर त्यांना दिवसेंदिवस खेटे घालावे लागले. तेथे गाण्याबजावण्याची मैफल सदैव रंगलेली असे आणि हिशेबाला मात्र मुहूर्त सापडत नसे. अखेर मध्यस्थाच्या मदतीने ते प्रकरण मिटले.

घरातील दुःख तर शब्दांपलीकडचे होते. त्यांचे तीन विवाह झाले. सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली, परंतु त्यांपैकी एकही जगले नाही. संकटात वीस रुपये काढून देणारी ती पहिली पत्नीही आधीच गेली होती.

समयसाराचा प्रकाश

संवत १६८० मध्ये अरथमल यांनी त्यांच्या हाती समयसारावरील राजमल्ल पांडे यांची सुबोध टीका दिली. आचार्य कुंदकुंदांचा मूळ प्राकृत ग्रंथ, त्यावरील अमृतचंद्राचार्यांचे संस्कृत कलश आणि त्यांचा लोकभाषेतील उलगडा असे ते ज्ञानभांडार होते. श्वेतांबर परंपरेत वाढलेल्या बनारसीदासांनी दिगंबर आचार्यांचा हा ग्रंथ आदराने वाचला. परंतु निश्चयनयाचा अर्धवट अर्थ लावल्यामुळे त्यांनी पूजा, जप, व्रत या सर्वांचा त्याग केला. काही मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून आपण मुनी झालो, असे म्हणत नाचण्यापर्यंत मजल गेली. समाजात निंदा झाली. अशी जवळजवळ बारा वर्षे गेली.

संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले. त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन करून गुणस्थानांची पायरी-पायरीने ओळख करून दिली. ज्या पायरीवर जीव उभा आहे, त्या पायरीस योग्य अशी क्रिया आवश्यक असते, हे बनारसीदासांना उमगले. स्याद्वादाची दृष्टी आली आणि निश्चय-व्यवहार यांचा विरोध मावळला. पुढील वर्षीच, संवत १६९३ (इ.स. १६३६) मध्ये, ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हजार पद्ये पाण्यात सोडणाऱ्या कवीला पन्नाशीत हे सातशेहून अधिक छंद गवसले. गोमतीने जे नेले होते, त्याहून कितीतरी मोठे धन पदरी पडले.

अर्धकथानक

यानंतर तीन वर्षांनी, संवत १६९६ मध्ये, त्यांचा शेवटचा पुत्रही गेला. आत्मा आणि देह यांचा भेद ज्याने इतक्या समर्थपणे वर्णिला, त्या कवीने आपला मोह बलवान असून शोक आवरत नसल्याचे प्रांजळपणे नोंदवून ठेवले. संवत १६९८ (इ.स. १६४१) मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवनचरित्र ६७५ पद्यांत लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे मानून त्यांनी त्याला ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते.

या ग्रंथाची रीत व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखी आहे. नफा झाला तो लिहिला, तोटा झाला तोही लिहिला. चोरी, आजार, फजिती, उधारी, काहीही वगळलेले नाही. ग्रंथाच्या शेवटी तर गुण एका बाजूस आणि दोष दुसऱ्या बाजूस मांडले आहेत. थोडा लाभ होताच हर्ष आणि थोडी हानी होताच विषाद, जपतपाचा आळस, थट्टामस्करीची आवड, एकांतात नाचण्याची हौस, हे सारे दोष त्यांनी स्वहस्ते खर्ची टाकले आहेत. जैन धर्मात आलोचनेला आणि प्रतिक्रमणाला जे स्थान आहे, त्याचेच हे साहित्यरूप म्हणावे लागेल.

या लेखनानंतर दोन-तीन वर्षांतच कवीची लेखणी थांबली. कल्पिलेले दुसरे अर्धे आयुष्य त्यांना लाभले नाही. संवत १७०१ मध्ये आग्र्याच्या जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या रचना गोळा करून ‘बनारसीविलास’ हा संग्रह सिद्ध केला. अर्धकथानक मात्र तीन शतके हस्तलिखितांतच राहिले. १९४३ साली मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाचे पंडित नाथूराम प्रेमी यांनी परिश्रमपूर्वक संपादन करून ते छापून प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि जौनपूरच्या या व्यापाऱ्याची कहाणी जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

जमेची बाजू

बनारसीदासांना लेखनाने कधी संपत्ती दिली नाही. जे दिले ते असे : पडत्या काळात दहा-वीस श्रोते, एक कचोरीवाला, एक जिवलग मित्र, चोरांच्या वस्तीत एक श्लोक आणि पन्नाशीत समयसाराचा बोध. त्यांच्या मागे वंश उरला नाही, पेढी उरली नाही, आग्र्यातील कोणत्याही दुकानावर त्यांचे नाव उरले नाही. उरले ते शब्द. ज्या वडीलधाऱ्यांनी त्यांना दुकानात बसण्याचा सल्ला दिला, त्यांचीही नावे आज स्मरणात आहेत ती या मुलाने लिहिल्यामुळेच.

समाजातील एखादा मुलगा वा मुलगी दुकानाच्या गल्ल्यावर बसून वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत असेल, तर त्यास हटकण्यापूर्वी जौनपूरच्या खरगसेनांचे स्मरण व्हावे. आणि लिहिणाऱ्यानेही हे विसरू नये की, बनारसीदासांनी चौदा रुपयांची उधारी आधी फेडली आणि मगच पुढची पाने लिहिली.